पाखाडीवर मुरगळलेला पाय

"मोडला असता तर परवडला असता गो, मुरगळलेला पाय वाईट," असं मला २०२४ च्या पावसाळ्यात निदान चार जणींनी ऐकवलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तसं का, ते कोणी सांगत नाही. मला ते कळायला अठरा दिवस लागले. दुसऱ्या कुणाचे ते दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं तारीखवार लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. त्यामुळे इथे आहे ते माझ्या पायाचं आणि मला समजावून सांगितलेलं.

मंगळवार, ९ जुलै २०२४, सकाळचे पावणेदहा. आमचं घर वाडीच्या खालच्या अंगाला आणि शाळा वर रस्त्याला लागून. मधे जांभ्याच्या शंभरेक पायऱ्यांची पाखाडी. दोन दिवस पाऊस नुसता ओतत होता आणि चिऱ्यांवर हिरवंगार शेवाळ धरलं होतं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा नि तपासलेल्या वह्यांची पिशवी. तीसेक पायऱ्या चढले असेन. एका चिऱ्याचा कोपरा झिजून उतरता झालाय, तिथे उजवं पाऊल सरकून आत वळलं, सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर आला आणि तिथे 'कट्' झालं. आवाज झाला की नुसतं आतून जाणवलं, हे आजही सांगता येत नाही. पहिले काही क्षण दुखलंच नाही. मग डोळ्यांपुढे काजवे चमकले.

उठायचा प्रयत्न केला, एक पाऊल टाकलं आणि परत बसले. शेजारचे दोघे मुलगे प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. दोघांनी दोन बाजूंनी खुर्ची उचलली, तिसऱ्याने माझ्यावर छत्री धरली आणि तशी मी घरी उतरले. वह्या चौथीतल्या एका मुलीने गोळा करून चुलीपाशी वाळत घातल्या होत्या, हे मला संध्याकाळी कळलं.

घरी आल्यावर दोन चुका झाल्या.

पहिली जोडव्यांची. पायातलं पैंजण काढलं, पण जोडवी राहिली. दुपारपर्यंत सूज बोटांवर उतरली आणि जोडवी रुतली. रात्री साबण लावून, मग खोबरेल लावून, सासूबाईंनी अर्धा तास खटपट करून ती काढली. पाय मुरगळला की सूज चढायच्या आत जोडवी, पैंजण, काळा दोरा, जे काही असेल ते आधी काढा. हाताचं मनगट मुरगळलं तर बांगड्या आणि अंगठी.

दुसरी चूक मोठी. वीज सकाळपासून गेलेली, त्यामुळे फ्रीजमध्ये बर्फ नव्हता. विहिरीच्या गार पाण्यात पंचा भिजवून मी पायावर ठेवत होते, ते योग्यच होतं. पण संध्याकाळी वाडीतले एक काका आले. 'शिरेवर शीर चढलेली' उतरवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी कोकमाचं तेल गरम करून घोटा दाबून चोळला, पाऊल ओढून फिरवलं आणि मिठाच्या पुरचुंडीने शेकायला सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता आणि नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. रात्रभर घोटा ठणकत राहिला. सकाळी पाहिलं तर घोट्याचं हाड दिसेनासं झालेलं आणि पाऊल भोपळ्यासारखं. आत नुकत्याच फाटलेल्या जागेतून रक्त झिरपत असताना शेक आणि चोळणं म्हणजे त्याला वाट करून देणं, हे पुढे कळलं. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालिश नाही आणि ओढून 'बसवणं' तर मुळीच नाही. हाडाला तडा गेलेला असेल तर त्या ओढाओढीने जागेवरचं हाड हलू शकतं.

बुधवारी, १० जुलैला रिक्षा करून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. रिक्षावाल्याने जाऊन-येऊन सहाशे घेतले. केसपेपरला पैसे लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. रांगेत पाऊण तास गेला. बसायला बाक मिळाला, पण पाय वर ठेवायला काही नव्हतं. ह्यांनी पिशवी उपडी करून पायाखाली दिली.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सुजेवर बोट ठेवलंच नाही. आधी घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालपासून वर बोटाने दाबत नेली. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर जो उंचवटा असतो तो दाबला, मग आतल्या बाजूचं एक हाड. "इथे दुखतं? इथे?" बाहेरच्या हाडाच्या टोकाशी दाबल्यावर मी कळवळले. मग म्हणाल्या, "चार पावलं टाकून दाखवा, लंगडत टाकली तरी चालतील." दोनच टाकता आली. "काल पडल्यावर टाकता आली होती?" नव्हती. "मग एक्स-रे काढू."

हे दाबून बघणं आणि चार पावलं म्हणजे एक ठरलेली पद्धत आहे. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ती मांडली आणि आता जगभर वापरतात. या ठरावीक जागी हाड दाबल्यावर दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी आणि बहुधा एक्स-रेचीही गरज नसते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. आमच्यासारख्या गावात एक्स-रे म्हणजे एक अख्खा दिवस. रात्री कोणी पडलं तर सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच गाडी काढायची, हे ठरवायला चार पावलांची खूण उपयोगी पडते. मात्र पाऊल वेडंवाकडं दिसत असेल, बोटं गार किंवा बधिर पडली असतील, तर पावलं मोजत बसू नये, थेट निघावं.

एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ त्या दिवशी नव्हते. "शुक्रवारी या." शुक्रवारपर्यंत थांबायचा धीर नव्हता. गुरुवारी चिपळूणला जाऊन खाजगीत दोन बाजूंचे एक्स-रे काढले, पाचशे रुपये. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण सुजलेला पाय घेऊन एसटीची उंच पायरी चढवेना, म्हणून शेजाऱ्यांची गाडी घेतली आणि पेट्रोल भरून दिलं. शुक्रवारी, १२ जुलैला फिल्म घेऊन परत तालुक्याला. हाड शाबूत. "अस्थिबंधाला इजा आहे, दुसऱ्या दर्जाची," असं केसपेपरवर आलं (अस्थिबंध म्हणजे सांध्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा; दर्जाचं पुढे येतंच). क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, कपड्यात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पॅरासिटामॉल आणि दोन आठवडे विश्रांती.

आनंदाने घरी आले. काही मोडलं नाही म्हणजे काही झालं नाही, असंच मी धरून चालले.

रजेचं इथेच लिहिते, कारण पुष्कळ शिक्षक त्यातच गोंधळतात. पडल्या दिवशीच मुख्याध्यापकांना फोन करून लगेच साधा अर्ज पाठवला. वैद्यकीय प्रमाणपत्र १२ तारखेला मिळालं, पण डॉक्टरांना विनंती करून त्यावर ९ जुलैपासूनचा कालावधी घ्यायला लावला. त्यासाठी १० तारखेचा केसपेपर कामी आला. तो जपून ठेवा, पहिल्या भेटीचा पुरावा तोच. ९ ते २३ जुलै, पंधरा दिवस परिवर्तित रजा. यात पगार पूर्ण मिळतो, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट, म्हणजे माझ्या तीस रजा गेल्या. मधले रविवार आणि आषाढीची सुट्टीही त्यात धरली गेली. हजर होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो, तो नसेल तर हजर करून घेत नाहीत. अर्ज शाळेतून केंद्रप्रमुखांकडे, तिथून गटशिक्षणाधिकारी कार्यालयात. प्रत्येक कागदाची एक प्रत आणि पोच आपल्याजवळ हवी. माझं एक प्रमाणपत्र वाटेत कुठेतरी गहाळ झालं आणि प्रतीमुळेच निभावलं.

१७ जुलैला आषाढी एकादशी. मुलांची दिंडी दरवर्षी मी काढते. त्या वर्षी त्यांच्या टाळांचा आवाज अंथरुणातून ऐकला. त्या दिवशी पायाकडे पाहून घाबरलेही होते, कारण निळसर-जांभळा डाग घोट्यावरून सरकून टाचेशी आणि बोटांच्या मुळाशी आला होता. वाटलं, दुखणं पसरलं. तसं नसतं. आत साकळलेलं रक्त वजनाने खाली उतरतं, मग हिरवं-पिवळं होऊन जिरतं. दुखणं पसरल्याची ती खूण नाही. हेच मला कोणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र नीट झोपले असते. हं, पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली तर मात्र डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

२३ जुलैला दाखला मिळाला, २४ ला शाळेत हजर झाले. सपाट जमिनीवर ठीक. पाखाडी उतरताना मात्र पाय आपला वाटेना. प्रत्येक पायरीवर घोटा आता वळेल, मग वळेल असं वाटे. संध्याकाळी सूज. हाड मोडलेलं नाही, दोन आठवडे विश्रांती घेतली, गोळ्या घेतल्या, तरी हे असं का? मैत्रिणीने चिपळूणच्या एका फिजिओथेरपिस्टचं नाव सुचवलं. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून शनिवार दुपार ठरवली. पहिली भेट २७ जुलैला, म्हणजे पडल्यानंतर अठराव्या दिवशी. एका वेळचे तीनशे रुपये.

तिथल्या बाहेरच्या खोलीत बसलं की जुलैतलं कोकण एका बाकावर दिसतं. भाताची लावणी करून कंबर धरलेल्या दोघी. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे वर्षभराचा खांदा घेऊन आलेला एक खलाशी. कबड्डी खेळताना मांडीचा मागचा स्नायू ताणलेला कॉलेजातला मुलगा. सगळ्यांच्या तोंडी शब्द मात्र तेच: उसण भरली, लचक भरली, चमक मारते, शीर चढली.

फिजिओबाईंनी मला हे शब्द वेगळे करून दिले. दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवतो तो अस्थिबंध. सांधा नको तसा वळला की तो ताणतो किंवा फाटतो. हे मुरगळणं, माझं. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. स्नायू किंवा त्याची कंडरा झेपेल त्यापेक्षा जास्त ताणली गेली की ती उसण, त्या लावणीवाल्यांची आणि कबड्डीवाल्या मुलाची. आणि दगड, दार, बॅट लागून काळंनिळं होतं तो मुका मार. तिन्हींत हाड शाबूत असतं, म्हणून तिन्ही 'काही नाही' या एकाच खात्यात टाकली जातात. शिरेवर शीर वगैरे काही चढत नाही.

"सुंभ बघितलंय ना?" त्यांनी विचारलं. काथ्याचा दोर आमच्या घरात कायमचाच. "पेड नुसते ताणले, एखाद-दुसरा धागा तुटला, तो पहिला दर्जा. काही पेड तुटले पण दोर टिकून आहे, तो दुसरा. पूर्ण तुटला तो तिसरा." घोट्याच्या बाहेर असे तीन दोर असतात आणि पाऊल आत वळलं की सगळ्यात आधी पुढचा जातो. माझाही तोच होता. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तो लवकर भरून येतो. अस्थिबंधाला कमी, म्हणून तो सावकाश. दुखणं काही आठवड्यांत जातं, पण आतला नवा धागा घट्ट आणि सरळ रेषेत बसायला कित्येक महिने लागतात.

मग त्यांनी विचारलं, "याआधी हाच पाय कधी मुरगळला होता?"

मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं. २०२१ च्या मे महिन्यात, आंब्याची पेटी घेऊन उतरताना. आंबेहळद उगाळून लेप लावला, आठ दिवसांत कामाला लागले आणि विसरून गेले. त्या म्हणाल्या, "हे कालचं दुखणं त्या दिवशी सुरू झालं." अस्थिबंध म्हणजे नुसता दोर नाही. त्यात बारीक मज्जातंतूंची टोकं असतात आणि पाऊल कुठे कसं टेकलंय, हे ती मेंदूला सतत कळवत असतात. दोर फाटला की ही खबरही अडखळते. पाऊल वळायला लागलं की स्नायूंनी क्षणार्धात आवरायला हवं, ते आवरत नाहीत आणि पाय पुन्हा त्याच बाजूला जातो. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता म्हणून जास्त. 'मुरगळलेला पाय वाईट' म्हणतात त्याचं कारण हे. मोडलेल्या हाडाची काळजी सगळे घेतात. मुरगळलेल्याला दुखणं थांबलं की सोडून देतात.

मला एका पायावर डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. डाव्या पायावर अठरा सेकंद. उजव्यावर तीन. एवढ्यात भिंत धरावी लागली. मला रडू आलं, दुखण्याने नव्हे. आपल्याच पायाला आपण कुठे उभे आहोत ते कळत नाही, हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं होतं.

दुसरं माप भिंतीचं. पाऊल भिंतीकडे करून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर ठेवता येतो ते मोजायचं. डावा दहा सेंटिमीटर, उजवा चार. घरी मुलांची पट्टी घेऊन मी हे दर रविवारी मोजत होते आणि वहीत लिहीत होते. चार, सहा, साडेसात, आठ, नऊ.

विश्रांतीबद्दलही त्यांनी समजावलं. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच, हा चौकडा १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी लिहिला आणि तो जगभर पाठ झाला. पुढे त्यांनी स्वतःच आपलं मत बदललं. बर्फाने दुखणं कमी वाटतं, तेवढ्यापुरता लावायला हरकत नाही, पण त्याने जखम लवकर भरत नाही. पूर्ण विश्रांती पहिले दोन-तीन दिवस पुरते. त्यानंतर सोसवेल इतकी हालचाल आणि भार हेच औषध, कारण नव्या धाग्याला ओढ कुठल्या दिशेने लागणार आहे ते त्यातूनच कळतं. मी पंधरा दिवस पाय उशीवर ठेवून बसले होते. दवाखान्यातल्या कोणाचा दोष म्हणून हे लिहीत नाही. एवढ्या रांगेत व्यायाम शिकवायला वेळ कोणाकडे असतो? पण 'दोन आठवड्यांनी काय करायचं' हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. तुम्ही विचारा.

व्यायाम साधे होते. बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची. मी बाराखडी काढायचे. 'क' सोपा, 'ळ' आणि 'क्ष'ला घोटा सगळीकडून फिरतो. टॉवेल तळव्याला अडकवून पाऊल आपल्याकडे ओढायचं. रबरी पट्टा, दोनशे रुपये, त्याविरुद्ध पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलायचं. हा सर्वांत महत्त्वाचा, कारण पाय आत वळताना थोपवणारे स्नायू हेच. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, आधी दोन्ही, मग एकच. आणि एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून, मग दुमडलेल्या गोधडीवर. दूध तापायला ठेवलं की ते वर येईपर्यंत मी उजव्या पायावर. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर व्यायाम कमी करायचा, बंद नाही. घोट्याचा पट्टा साडेतीनशेचा घेतला आणि फक्त पाखाडीवर आणि प्रवासात वापरला. दिवसभर नाही.

३ ऑगस्टच्या शनिवारी पावसाने रस्ता बंद, भेट हुकली. नागपंचमीला थोडं जास्त चालणं झालं आणि दोन दिवस पुन्हा सूज. तेव्हा फार निराश झाले होते. फिजिओबाईंनी फोनवर सांगितलं, "सूज आली म्हणजे परत फाटलं असं नाही. कालच्यापेक्षा जास्त काम दिलंत, एवढंच तो सांगतोय." नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाखाडी कुणाचा हात न धरता उतरले. शेवटची भेट ३१ ऑगस्टला. पाच भेटींचे पंधराशे. एक्स-रे, पट्टा, रबर, रिक्षा, पेट्रोल सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत.

मधल्या काळात ग्रामपंचायतीला पाखाडीच्या कठड्यासाठी अर्ज दिला, त्याची पोच आहे, काम व्हायचंय. गणपतीच्या आधीच्या रविवारी वाडीतल्या पोरांनी ब्लीचिंग पावडर टाकून, खराट्याने घासून पायऱ्या साफ केल्या. तो झिजलेला चिरा उखडून नवा बसवला. ७ सप्टेंबरला गणपती त्याच पाखाडीने डोक्यावरून खाली आला. मी आरतीचं ताट घेऊन मागून उतरले.

११ सप्टेंबरला गौरीपूजनाची रात्र. फुगडीला जाऊ का, असं मी शेवटच्या भेटीत विचारलं होतं. उत्तर होतं, "डोळे मिटून तीस सेकंद आणि एका पायावर दहा उड्या न दुखता. दोन्ही जमलं तर जा." त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोजलं. उड्या आठ झाल्या, नववीला बाहेरच्या बाजूला ओढ लागली. डोळे मिटून बावीस सेकंद. फेर चालत धरला, गाणी म्हटली आणि फुगड्या सुरू झाल्यावर सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. तीस सेकंद ऑक्टोबरात झाले.